फौजदारी न्यायाचे शिक्षण : सूरह यूसुफच्या प्रकाशात



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक ठरलेली चर्चा सुरू होते. वैद्यकीय, अभियांत्रिकी, फार्मसी, नाहीतर वडिलांचे दुकान. या चर्चेत एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला फौजदारी कायदा शिकायचा आहे, गुन्हेगारीशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले, तर घरातील वडीलधारे क्षणभर गप्प होतात. मग कोणीतरी ती जुनी म्हण काढते, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ पोलीस, वकील, तुरुंग या शब्दांची सावलीसुद्धा मुलावर पडू नये, असे आईला वाटते. ही भीती समजण्यासारखी आहे. ज्या घराने वर्षानुवर्षे तारखा मोजल्या आहेत, त्या घराला ही म्हण कोणी शिकवावी लागत नाही.

पण एका गोष्टीचा विचार करा. ती पायरी माणूस दर वेळी स्वखुशीने चढत नाही. पुष्कळदा त्याला तेथे नेले जाते. कधी तो आरोपी असतो, कधी फिर्यादी, कधी केवळ साक्षीदार. त्या दिवशी त्याच्या शेजारी उभे राहण्यासाठी न्यायाचे ज्ञान असलेला आणि अल्लाहचे भय बाळगणारा माणूस लागतो. असा माणूस घडविण्याचे काम जर प्रत्येक घर दुसऱ्या घरावर सोपवत राहिले, तर तो येणार कोठून?

पवित्र कुरआनात अशी एक सूरह आहे, जिच्यात खोटा पुरावा आहे, खरा पुरावा आहे, साक्ष आहे, निरपराध माणसाचा तुरुंगवास आहे, फेरचौकशी आहे आणि शेवटी क्षमाही आहे. ती म्हणजे सूरह यूसुफ. आपण ती लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज ती एका विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू आणि फौजदारी न्यायाचे शिक्षण म्हणजे काय, ते आपल्या मुलांनी का घ्यावे आणि कोणत्या नीयतीने घ्यावे, हे समजून घेऊ.

पहिला कुर्ता : खोटा पुरावा

ह. यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकून त्यांचे भाऊ रात्री रडत घरी आले आणि वडिलांसमोर त्यांनी यूसुफचा कुर्ता ठेवला. त्यावर रक्त होते. लांडग्याने त्याला खाल्ले, असे त्यांनी सांगितले. कुरआन सांगतो की ते रक्त खोटे होते (सूरह यूसुफ : १८). अनेक भाष्यकारांनी येथे एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. कुर्ता रक्ताने माखलेला होता, पण फाटलेला नव्हता. लांडगा मुलाला खातो आणि कुर्ता शाबूत राहतो, हे कसे? ह. याकूब (अ.) यांनी मुलांचे म्हणणे मान्य केले नाही. तुमच्या मनाने तुम्हाला एक गोष्ट रचून दिली आहे, अशा अर्थाचे उद्गार काढून त्यांनी धीराचा आश्रय घेतला.

येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : रडणारे चेहरे, एकमुखी साक्ष आणि रक्ताचा डाग. आजही एखाद्या प्रकरणात या तीन गोष्टी एकत्र आल्या की लोक निकाल देऊन मोकळे होतात. परंतु अश्रू म्हणजे पुरावा नव्हे, दहा जणांनी ठरवून सांगितलेली गोष्ट म्हणजे सत्य नव्हे, आणि रक्त कोणाचे आहे हे कळेपर्यंत तो डाग काहीच सिद्ध करीत नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांचा जाब विचारला जाईल, ही ताकीद सूरह बनी इस्राईल (३६) मध्ये आहे. बातमी घेऊन येणारा विश्वासपात्र नसेल तर आधी खात्री करून घ्या, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, असा आदेश सूरह अल्-हुजुरात (६) मध्ये आहे.

‘खात्री करून घेणे’ हे आज एक संपूर्ण शास्त्र झाले आहे. रक्त, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, विष, मोबाइलमधील नोंदी यांची तपासणी करणाऱ्या विद्येला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्यांपैकी नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद केली आहे. ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. म्हणजे या विद्येच्या जाणकारांची गरज वाढणार आहे. विज्ञान शाखेतील जी मुले-मुली केवळ वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून निराश होतात, त्यांनी या दाराकडे एकदा पाहावे. कुर्ता फाटला आहे की नाही, हे पाहणारा डोळा तयार करण्याचे हे शिक्षण आहे.

दुसरा कुर्ता : आधी कसोटी, मग पुरावा

दुसरा प्रसंग मिसरमधील. अजीजच्या पत्नीने ह. यूसुफ (अ.) यांच्यावर आरोप केला. त्यांनी तो नाकारला. दोघांशिवाय तेथे कोणी नव्हते. तेव्हा त्या स्त्रीच्याच कुटुंबातील एकाने कसोटी सुचविली. कुर्ता पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. कुर्ता मागून फाटलेला निघाला (सूरह यूसुफ : २६-२८).

या छोट्या प्रसंगात पुराव्याच्या शास्त्राचे दोन मोठे नियम आहेत. पहिला हा की, आयतींच्या क्रमात कसोटी आधी येते आणि कुर्ता पाहणे नंतर. शिवाय कसोटी दोन्ही शक्यतांना वाट देणारी आहे. आधी गुन्हेगार ठरवून मग त्याच्याविरुद्ध पुरावा शोधणे, ही तपासाची सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक आहे. दुसरा नियम हा की, साक्ष देणारा आरोप करणारीच्याच घरातला होता. त्याने नाते पाहिले नाही. न्यायावर ठाम उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना, हा सूरह अन्-निसा (१३५) मधील आदेश या माणसाच्या वागण्यात दिसतो.

हेच नियम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत न्यायदानाची तत्त्वे बनले. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. ह. अली (रजि.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठविताना प्रेषितांनी (स.) सांगितले की, समोर दोन पक्ष बसले असता दुसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका (अबू दाऊद, तिर्मिजी). कायद्याच्या महाविद्यालयात विद्यार्थी जेव्हा ‘सिद्धतेचा भार’ आणि ‘दुसऱ्या पक्षाचेही ऐका’ हे नियम शिकतो, तेव्हा मुस्लिम विद्यार्थ्याला ते परके वाटण्याचे कारण नाही.

आता पुढची आयत पाहा. सत्य उघड झाले, निशाण्या दिसल्या, आणि तरीही काही काळासाठी यूसुफला तुरुंगात टाकावे असे त्या लोकांना वाटले (सूरह यूसुफ : ३५). निर्दोषत्व कळूनही सत्ताधाऱ्यांची अब्रू वाचविण्यासाठी निरपराध माणूस आत गेला. म्हणून केवळ पुरावा पुरेसा नसतो. पुराव्याला मान देणारी व्यवस्था लागते आणि त्या व्यवस्थेत बसलेली निर्भय माणसे लागतात.

तुरुंग : विसरला गेलेला कैदी

तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला ह. यूसुफ (अ.) यांनी सांगितले होते की तुझ्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो विसरला, आणि यूसुफ आणखी काही वर्षे तुरुंगात राहिले (सूरह यूसुफ : ४२). एका माणसाचा विसर आणि दुसऱ्या माणसाची वर्षे! या आयतीपाशी थांबून आपल्या देशातील तुरुंगांकडे पाहा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, हे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. त्यांतील काही दोषी असतील, काही निर्दोष. ते ठरायचे आहे. पण कित्येक जण केवळ जामिनाची रक्कम नाही, जामीनदार नाही, कागद पुढे सरकविणारा वकील नाही म्हणून आत राहतात. विसरणारा सोबती आजही आहे. फक्त आता त्याचे नाव अज्ञान, गरिबी आणि आपली उदासीनता असे आहे.

ज्ञान असलेला एक माणूस काय करू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या न्यायालयांच्या इतिहासात आहे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लेख आले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काही जण खटल्याविना आत होते. लेख हजारोंनी वाचले असतील. कपिला हिंगोरानी या महिला वकिलांनी मात्र त्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या कैद्यांतील एका मुस्लिम महिलेच्या नावावरून हा खटला ‘हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य’ म्हणून ओळखला जातो. जलद खटला हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. त्या वकील मुस्लिम नव्हत्या. नात्याच्या नव्हत्या. त्यांना कायदा येत होता आणि त्यांनी आठवण ठेवली.

आपल्या परंपरेतही हे काम नवे नाही. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी ‘किताबुल खराज’ हा ग्रंथ लिहिला. जमीन-महसुलाच्या या ग्रंथात त्यांनी कैद्यांविषयीही लिहिले आहे. कैद्यांना सरकारी खजिन्यातून अन्नाची सोय व्हावी, उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे कपडे मिळावेत, त्यांना साखळदंडांत भीक मागत फिरविले जाऊ नये, आणि त्यांच्या प्रकरणांची सतत पाहणी व्हावी, असे त्यांनी खलीफाला बजावले. पाहणी होत नाही म्हणूनच तुरुंग भरतात, हे त्यांचे निदान बाराशे वर्षांनंतरही शिळे झालेले नाही.

आज कायद्याने पुष्कळ दारे उघडली आहेत. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके आदींना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि इतर काही अपवाद सोडता, ज्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला आहे त्याला जामीन मिळावा. आणि ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, त्याला एक-तृतीयांश काळानंतरच. पण दार उघडे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते बंदच असते.

फेरचौकशीचा आग्रह

बादशहाचा दूत सुटकेचा निरोप घेऊन आला, तेव्हा ह. यूसुफ (अ.) लगेच निघाले नाहीत. आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा, असे त्यांनी सांगितले. चौकशी झाली, स्त्रियांनी त्यांच्या चारित्र्याची ग्वाही दिली आणि अजीजच्या पत्नीने सत्य कबूल केले (सूरह यूसुफ : ५०-५१). त्यांच्या जागी मी असतो तर बोलावणाऱ्याचे म्हणणे लगेच मानले असते, अशा शब्दांत प्रेषितांनी (स.) विनयाने यूसुफ (अ.) यांच्या धैर्याचा गौरव केला आहे (बुखारी).

दयेची सुटका आणि निर्दोषत्वाची सुटका यांत फरक आहे. तुरुंगातून आलेल्या तरुणाकडे मोहल्ला कसा पाहतो, त्याच्या बहिणीचे स्थळ कसे परत जाते, त्याला काम कसे मिळत नाही, हे आपण पाहतो. निर्दोष ठरलेल्यालाही आपण पुरते निर्दोष मानत नाही. गुन्हेगारीशास्त्र आणि समाजकार्य शिकणारा विद्यार्थी हाच प्रश्न हाती घेतो : सुटल्यानंतर माणसाचे काय? आणि ज्याच्यावर गुन्हा घडला, त्या पीडिताचे काय? कारण न्याय फक्त आरोपीचा नसतो. लुटल्या गेलेल्या वृद्धेला, अत्याचार झालेल्या मुलीला वेळेत वैद्यकीय तपासणी, आधार आणि भरपाई मिळणे हाही न्यायच आहे. महाराष्ट्रात अत्याचार व आम्लहल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे. तिच्यापर्यंत पीडितेला नेणारा हातही शिकलेला असावा लागतो.

एक गंभीर इशारा : ‘आपल्या माणसांसाठी’

आता नीयतीचा प्रश्न. या शिक्षणाकडे वळणारे पुष्कळ तरुण म्हणतात, ‘मला आपल्या माणसांसाठी लढायचे आहे.’ भावना चांगली आहे. तिच्यामागे वेदना आहे. परंतु कुरआन या भावनेला एक लगाम घालतो आणि तो लगाम समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल ठेवू नये.

मदीनेतील एक घटना अनेक भाष्यकारांनी सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात सांगितली आहे. रिवायतींच्या तपशिलांत फरक आहे. प्रसिद्ध रिवायतीनुसार स्वतःला मुस्लिम म्हणविणाऱ्या एका माणसाने चिलखत चोरले. ते पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला भोक होते. पिठाची रेषा त्याच्या घरापर्यंत गेली. त्याने चिलखत एका ज्यू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवले आणि आळ त्याच्यावर घातला. चोराच्या कबिल्याचे लोक प्रेषितांकडे (स.) आले आणि आमच्या माणसाची बाजू घ्या, असा आग्रह धरू लागले. वरवरचा पुरावा ज्यूच्या विरुद्ध होता. त्या वेळी मदीनेतील ज्यू कबिल्यांशी संबंध ताणलेले होते. कबिल्याची मर्जी राखणे सोयीचे होते. परंतु अल्लाहने आयती उतरविल्या : विश्वासघातक्यांच्या बाजूने भांडणारे होऊ नका. आणि जो स्वतः अपराध करून तो निरपराधाच्या माथी मारतो, तो आपल्या शिरावर मोठा आळ आणि उघड पाप घेतो. एका ज्यू माणसाचे निर्दोषत्व कयामतपर्यंत तिलावत केल्या जाणाऱ्या ग्रंथात नोंदविले गेले.

आमच्या मोहल्ल्याचा, आमच्या जमातीचा, आमच्या नात्याचा आहे म्हणून तो निर्दोष, असे म्हणण्याची मुभा या आयतींनी कोणालाच ठेवलेली नाही. तसेच एखाद्या लोकसमूहाचे वैर तुम्हाला अन्यायाला प्रवृत्त न करो, असे सूरह अल्-माइदा (८) मध्ये बजावले आहे. मख्जूम घराण्यातील प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली आणि तिच्यासाठी रदबदली झाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, प्रतिष्ठिताला सोडायचे आणि दुबळ्याला शिक्षा द्यायची, याच वर्तनाने पूर्वीचे लोक नष्ट झाले, स्वतःच्या मुलीलाही याबाबतीत सवलत नाही (बुखारी, मुस्लिम).

मग मुस्लिम वकिलाने आरोपीचा बचाव करावा की नाही? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की, आरोपीला कायद्याने दिलेले हक्क मिळवून देणे, पुरावा तपासणे, मारहाण करून घेतलेला जबाब उघडा पाडणे, गुन्ह्याहून जास्त शिक्षा होऊ न देणे हे न्यायाचे साहाय्य आहे. शंकेचा फायदा देणे आणि शिक्षेत चूक होण्यापेक्षा क्षमेत चूक होणे बरे मानणे, हे तत्त्व आपल्या फिकहमध्येही आहे. पण खोटा साक्षीदार उभा करणे, कागद बदलणे, सत्य माहीत असूनही निरपराधावर आळ ढकलणे, हे ते भांडण आहे ज्याला सूरह अन्-निसाने मनाई केली आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले की, मी माणूस आहे, तुमच्यातील एखादा अधिक प्रभावीपणे बोलतो आणि मी ऐकतो त्यानुसार निर्णय देतो, पण अशा रीतीने ज्याला भावाचा हक्क मिळाला, त्याला आगीचा तुकडा मिळाला (बुखारी, मुस्लिम). वाक्चातुर्य हे वकिलाचे हत्यार आहे. ही हदीस प्रत्येक मुस्लिम वकिलाच्या टेबलावर असावी.

न्यायाला धर्म-पक्षाची मर्यादा नसते, याचे एक उदाहरण मुंबईच्या उच्च न्यायालयातलेच आहे. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर. १८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर इंग्रज सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज न्या. तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारची मर्जी काय आहे, हे त्यांना ठाऊक नसेल का? पण खटला सिद्ध होईपर्यंत माणसाला बचावाची पूर्ण संधी मिळाली पाहिजे, हे न्यायाधीशाचे काम त्यांनी केले.

‘हा तर मानवनिर्मित कायदा’

काही घरांत आणखी एक शंका असते. हा कायदा शरीअतचा नाही, मग तो शिकावा का? पुन्हा सूरह यूसुफकडेच या. ह. यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाच्या राज्यात स्वतःहून जबाबदारी मागितली आणि त्यासाठी आपली प्रामाणिकता व ज्ञान यांचा दाखला दिला (आयत ५५). त्या देशाच्या कायद्याचा उल्लेखही याच सूरहमध्ये येतो (आयत ७६). प्रेषितांनी (स.) नुबुव्वतपूर्वी मक्केत ‘हिल्फुल फुजूल’ या करारात भाग घेतला होता. अन्यायग्रस्ताला, मग तो परका का असेना, त्याचा हक्क मिळवून द्यायचा, असा तो करार होता. पुढे नुबुव्वतनंतरही त्यांनी त्याची प्रशंसा केली आणि आजही कोणी त्यासाठी बोलावले तर मी येईन, असे सांगितले. आपल्या देशाच्या राज्यघटनेने समानता, जीवित आणि स्वातंत्र्य यांचे जे हक्क दिले आहेत, त्यांच्या रक्षणासाठी झटणे याच परंपरेत बसते.

विद्यापीठातील वाटा

या क्षेत्रात वकिली हा एकच मार्ग आहे असे समजू नका. मुख्य वाटा अशा :

१. कायदा : बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची विधी सामाईक प्रवेश परीक्षा असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते.

२. न्यायसेवा : दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानुसार प्रवेशस्तरावर तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. म्हणून धीर हवा.

३. गुन्हेगारीशास्त्र व समाजकार्य : मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय दीर्घकाळ शिकविला जातो. तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कोठडी व तुरुंगातील लोकांमध्ये काम करीत आहे. परिवीक्षा अधिकारी, बालन्याय, पुनर्वसन ही या वाटेवरील कामे.

४. न्यायसहायक विज्ञान : मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय संस्था आहेत. गांधीनगर येथे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे.

मुलींनी या यादीकडे परक्या नजरेने पाहू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश एक मुस्लिम महिला होत्या. केरळच्या न्या. फातिमा बीवी यांनी १९५० मध्ये वकिलीला प्रारंभ केला, १९५८ मध्ये त्या मुन्सिफ झाल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. मुलीने कायदा शिकावा, हा आग्रह त्यांच्या वडिलांचा होता. कोठडीतील स्त्री, अत्याचारग्रस्त मुलगी, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील पत्नी आपले मन कोणाजवळ मोकळे करील, याचा विचार प्रत्येक वडिलांनी करावा.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना

प्रिय विद्यार्थ्यांनो, हे शिक्षण फळ द्यायला वेळ घेते. वकिलीची पहिली वर्षे उत्पन्नाची नसतात. पालकांनी हे आधीच समजून घ्यावे आणि मुलाच्या हातात घाईने गैरमार्गाचा पैसा येण्याऐवजी उशिराने हलाल कमाई आलेली पत्करावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीची भीती बाळगू नये, पण तिची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. आपले मराठी मात्र सोडू नये. तालुक्याच्या न्यायालयातील फिर्याद, जबाब आणि पंचनामा मराठीतच असतो आणि गरीब अशिलाला त्याचा खटला त्याच्याच भाषेत समजावून सांगणारा वकील हवा असतो. महाविद्यालयातील मोफत विधी सल्ला केंद्रात नाव नोंदवा. तुरुंगभेटीची संधी मिळाली तर ती सोडू नका.

आणि एक हदीस नेहमी जवळ ठेवा. प्रेषितांनी (स.) सांगितले की न्यायाधीश तीन प्रकारचे असतात. ज्याने सत्य ओळखले आणि त्यानुसार निकाल दिला, तो जन्नतमध्ये. ज्याने सत्य ओळखूनही अन्याय केला, तो आगीत. आणि ज्याने अज्ञानाने लोकांचे निकाल केले, तोही आगीत (अबू दाऊद). तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्या. त्याची नीयत वाईट होती असे म्हटलेले नाही. त्याला ज्ञान नव्हते. चौकात उभे राहून, मोबाइलवर एक चित्रफीत पाहून, ‘हाच गुन्हेगार’ असे आपण रोज म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या रांगेत उभे असतो?

सूरह यूसुफचा शेवट शिक्षेने होत नाही. सत्तेच्या आसनावरून, समोर उभ्या असलेल्या अपराधी भावांना ह. यूसुफ (अ.) यांनी आज तुमच्यावर काही ठपका नाही, असे सांगितले (आयत ९२). पण ही क्षमा सत्य उघड झाल्यानंतर आणि अपराध कबूल झाल्यानंतर आली. आधी सत्य, मग न्याय, मग क्षमा. हा क्रम ज्यांच्या हातून सांभाळला जाईल अशी मुले-मुली आपल्या घरांतून घडावीत.

घरातील चर्चेसाठी प्रश्न

१. पहिल्या आणि दुसऱ्या कुर्त्याच्या प्रसंगांत पुराव्याविषयी कोणते वेगवेगळे धडे मिळतात?
२. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयती सर्वांनी मिळून वाचा. आपण आपल्या माणसाची चूक झाकण्यासाठी कधी दुसऱ्याला दोष दिला आहे का?
३. आपल्या जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण कोठे आहे? घरातील एकाने तरी पुढील महिन्यापर्यंत ते शोधून काढावे.
४. आपल्या मोहल्ल्यात तुरुंगातून सुटून आलेले कोणी आहे का? त्याला आपण सलाम करतो का?

अल्लाह आम्हां सर्वांना न्यायावर ठाम उभे राहण्याचे बळ देवो, आमच्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो आणि निरपराध कैद्यांची लवकर सुटका करो. आमीन.